विषाणूच्या अक्षरांचा अर्थ

सन २०२२ च्या फेब्रुवारींत ठाणें जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यांतील वेहळोली गांवीं एका पोल्ट्रींत शंभराच्या आसपास कोंबड्या अकस्मात् मेल्या. नमुने पुण्यास गेले. एच५एन१ जातीच्या बर्डफ्लूचें निदान झालें. आणि एक किलोमीटर परिघांतील सुमारें २५,००० पक्षी मारण्याचें ठरलें. शहापूर-मुरबाडकडे भातशेतीच्या जोडीला कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबास असा प्रसंग म्हणजे घरावर धाडच होय. परंतु याहूनही मोठी एक धास्ती अशा वेळीं मनांत येते : हा विषाणु उद्यां माणसामाणसांत पसरूं लागला तर? या प्रश्नाचें उत्तर शास्त्रज्ञ कसें शोधीत आले, तो इतिहास आम्ही वाचकांपुढें थोडक्यांत मांडीत आहों.

त्याचा आरंभ कोंबडीच्याच रक्तापासून होतो. १९४१ सालीं न्यूयॉर्क येथें जॉर्ज हर्स्ट यांस असें आढळलें कीं, इन्फ्लुएंझाचा विषाणु कोंबडीच्या रक्तांत मिसळला असतां तांबड्या पेशी एकमेकींस चिकटतात. हें काम विषाणूच्या पृष्ठभागावरील एका प्रथिनाचें. त्यास हिमॅग्लुटिनिन म्हणतात. पेशीला धरण्याचा विषाणूचा आंकडा तो हाच. पक्ष्यांच्या विषाणूचा आंकडा पक्ष्यांच्या पेशींवरील शर्करेंत नीट अडकतो. मनुष्याच्या घशांतील पेशींवरील शर्करेंत सहसा अडकत नाहीं. आपलें बरेंचसें संरक्षण एवढ्या फरकांतच आहे.

हर्स्ट ज्या रॉकफेलर फाउंडेशनचे संशोधक होते, तिच्याच साहाय्यानें १९५२ त पुण्यास व्हायरस रिसर्च सेंटर निघालें. १९७८ त त्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था झाली. २००६ त नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें भारतांत प्रथमच कोंबड्यांत बर्डफ्लू आला, तेव्हां तेथील विषाणूची जनुकीय लिपि या संस्थेनें संपूर्ण वाचली. ही लिपि सुमारें १३,५०० अक्षरांची, आठ तुकड्यांत विभागलेली असते. आणि तिची नक्कल निघतांना चुका फार होत असल्यामुळें गांवोगांवचा विषाणु थोडथोडा निराळा निघतो.

तथापि अक्षरें वाचणें निराळें आणि अर्थ लागणें निराळें. अर्थ लावण्याचें साधन १९९९ त हातीं आलें. जनुकांचे तुकडे पेशींत घालून संपूर्ण इन्फ्लुएंझा-विषाणु प्रयोगशाळेंत घडवितां येऊं लागला. मग एकच अक्षर बदलावें, मूळ व बदललेला विषाणु शेजारीं ठेवून पाहावा, आणि प्रथिनाचें काम कोठें फिरलें तें ठरवावें, अशी ही रीत. मात्र तिच्यांत धोकाही होता. २०११ त हॉलंड व अमेरिका येथील दोन प्रयोगशाळांनीं मोजक्याच बदलांनीं हा विषाणु फेरेट नामक प्राण्यांत हवेवाटे पसरेल असा केला. जगभर काहूर उठलें, आणि २०१२ च्या जानेवारीपासून सुमारें वर्षभर असे प्रयोग संशोधकांनीं स्वतःहून थांबविले.

पुढें अधिक निर्धोक वाट सांपडली. निरुपद्रवी विषाणूच्या कवचावर केवळ तो आंकडा बसवावयाचा. असा मिथ्या-विषाणु पेशींत एकदांच शिरतो, वाढत नाहीं. या युक्तीनें सिॲटल येथील संशोधकांनीं २०२४ त आंकड्यांतील हजारों बदल एकदम पारखले. त्याच वर्षीं अमेरिकेंतील गाईंमध्यें आलेल्या विषाणूच्या सुट्या प्रथिनावरील प्रयोगांत २२६ व्या जागेवरील एकच बदल मानवी शर्करा धरण्यास पुरेसा ठरला. जुन्या एच५एन१ जातींत हें काम साधण्यास अनेक बदल लागत. अर्थात् केवळ शर्करा धरितां आली म्हणजे सांथ येते असें नव्हे; त्यास आणखीही बदल लागतात.

यांतील मर्म आमच्या मतें असें : शब्दाचा अर्थ जसा वाक्यावरून ठरतो, तसा एका बदलाचा परिणाम भोंवतालच्या बाकीच्या बदलांवरून ठरतो. म्हणून परक्या देशाच्या विषाणूवर काढलेला निष्कर्ष आपल्या विषाणूस डोळे मिटून लावतां येत नाहीं. प्रत्येक ठिकाणचा नमुना मिळाला पाहिजे, वाचला पाहिजे, पारखला पाहिजे. आणि हा नमुना देणारा कोण? मेलेली कोंबडी गुपचूप न पुरतां पशुवैद्यास कळविणारा शेतकरी. कळविल्याचें फळ जर सगळ्या शेडचा नाश आणि भरपाईसाठीं हेलपाटे एवढेंच असेल, तर तो पुढील खेपेस कळविणार नाहीं, आणि मग उत्तमोत्तम प्रयोगशाळेसही तपासण्यास कांहीं उरणार नाहीं. सबब, वेळेवर पुरती भरपाई देणें ही केवळ दया नव्हे. तो या शास्त्रीय पद्धतीचाच पहिला भाग होय.