आठ दशांश सेकंद

आपण इथे एरवी लढायांवर बोलतो. आज गेम खेळायच्या पडद्यावर बोलणार आहे, हसू नका. वाट मात्र १७९६ मधूनच जाते.

दिवाळीत नातू पुण्याहून आमच्याकडे, चंदीगड विमानतळाजवळच्या एयरोसिटीत आला होता. हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला कन्सोल जोडून खेळायचा आणि सारखा हरायचा. मुलगा त्याला म्हणाला, "तुझा हातच मंद आहे." पोरगं रडवेलं होऊन माझ्याकडे आलं. "आबा, मी बटण वेळेवर दाबतो. टीव्ही उशिरा दाखवतो."

हे वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं. तेव्हा त्यावर विश्वास ठेवला नव्हता.

ग्रिनिचच्या वेधशाळेत मॅस्केलिन हे राजज्योतिषी होते आणि किनेब्रुक नावाचा त्यांचा मदतनीस. दुर्बिणीतल्या उभ्या तारेवरून तारा कधी सरकतो ते डोळ्याने पाहायचं, घड्याळाचे ठोके कानाने मोजायचे, आणि वेळ लिहायची. किनेब्रुकची नोंद साहेबांच्या नोंदीपेक्षा सुमारे आठ दशांश सेकंद उशिरा यायला लागली. साहेबांची नोंद बरोबर, हे गृहीतच. १७९६ मध्ये त्याला काढून टाकलं. पुढे जर्मन ज्योतिषी बेसेल यांनी ती हकिकत वाचली आणि १८२० च्या सुमारास स्वतःची नोंद इतर नामांकित ज्योतिषांशी ताडून पाहिली. फरक निघालाच, एकाशी तर सेकंदाहून जास्त. म्हणजे प्रत्येक निरीक्षकाचा आपला एक उशीर असतो, साहेबाचासुद्धा. किनेब्रुकला त्याचा काही उपयोग झाला नाही.

आपल्याकडे कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ देणं हे तिचं एक काम. केरो लक्ष्मण छत्रे यांनी तिथे काम केलं. जहाजाचं घड्याळ चार सेकंद चुकलं, तर विषुववृत्तावर जागा जवळजवळ दोन किलोमीटरने चुकते, त्यामुळे हा काथ्याकूट नव्हता.

आता माझी गोष्ट. मी विमानवेधी तोफखान्यातला. आमचं शिक्षण देवळालीला झालं. ताशी नऊशे किलोमीटरने येणारं विमान सेकंदाला अडीचशे मीटर जातं. तोफ एक दशांश सेकंद मागे राहिली, तर गोळा पंचवीस मीटर मागे. एका सरावात आमच्या एका तोफेचे गोळे सतत मागे पडत होते. तोफेवर सातारकडचा एक नाईक होता. तो म्हणाला, "साहेब, मी वेळेवर फिरवतोय, तोफ मागनं येतीय." मी त्याला सगळ्यांसमोर झापलं आणि तोफेवरून उतरवलं. आठवड्याभराने कारागिरांनी तोफ उघडली. ती फिरवणाऱ्या यंत्रणेतच उशीर होता. तोवर नाईक बदलीवर गेला होता.

पडद्याकडे येऊ. जुन्या काचेच्या टीव्हीत आलेला सिग्नल जवळपास तसाच काचेवर उमटायचा, मध्ये विचार करणारं कोणी नव्हतं. सपाट पडदे आले आणि आत एक छोटा संगणक बसला. तो चित्र साठवतो, घोटतो, रंग चढवतो, मग दाखवतो. जॉन कारमॅक या नामवंत गेम-प्रोग्रामरने २०१२ मध्ये दाखवून दिलं, की त्याचा संदेश अमेरिकेतून युरोपला जितक्या वेळात पोचतो, त्याहून जास्त वेळ समोरच्या पडद्यावर एक ठिपका उमटायला लागू शकतो.

दुकानात मात्र सगळे हर्ट्झ विकतात. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती चित्रं. साठ हर्ट्झला दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र, १४४ ला सुमारे सात, २४० ला चारच्या थोडं वर. पण दर तीन मिनिटांनी विरार लोकल सुटते म्हणून चर्चगेटचा प्रवास तीन मिनिटांचा होत नाही. फलाटावरची वाट पाहणी कमी होते, एवढंच. खोक्यावरचं 'एक मिलिसेकंद' तर ठिपक्याला रंग बदलायला लागणारा वेळ सांगतं. बटणापासून पडद्यापर्यंतचा उशीर खोक्यावर बहुधा नसतोच. मला ही चक्क लबाडी वाटते.

आम्ही घरीच मोजलं. मोबाईलवर सेकंदाला २४० चित्रांचं स्लो-मोशन लावलं, नातवाचं बोट आणि टीव्ही एकाच चौकटीत घेतले. बोट दाबल्यापासून गेममधला माणूस हलेपर्यंत ३८ चित्रं, म्हणजे सुमारे १५८ मिलिसेकंद. यात कन्सोल आणि गेमचा वेळही आला. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' चालू केला. हा चित्रावरची बरीचशी घोटाघोट बंद करतो. पुन्हा मोजलं: १७ चित्रं, ७१ मिलिसेकंद. कन्सोल तोच, गेम तोच, बोट तेच.

मुलाला बोलावून दोन्ही चित्रफिती दाखवल्या. त्याने तीनदा पाहिल्या आणि पोराला म्हणाला, "चुकलं माझं." संध्याकाळी नातू शेजारच्या मुलीशी खेळला आणि पुन्हा हरला. "आबा, ती खरंच फास्ट आहे," म्हणाला, आणि जेवायला बसला.