पल्ली, पाली आणि बल्लाळ : एका स्थलपुराणाचा नामशोध

पेणजवळून वाहणारी भोगावती, नागोठण्याजवळून जाणारी अंबा आणि रोह्याची कुंडलिका या तीन नद्यांच्या खोऱ्यांत आजच्या रायगड जिल्ह्याचा मध्यभाग सामावलेला आहे. हा जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जात असे. या टापूतील सर्वांत प्रसिद्ध देवस्थान म्हणजे पालीचा बल्लाळेश्वर. नागोठण्याहून सुमारे ११ किलोमीटर अंतरावर, सरसगडाचा पायथा व अंबेचे पात्र यांच्या दरम्यान हे स्थान आहे. अष्टविनायकांपैकी भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा गणपती हा एकच. देवाने भक्ताचे नाव घ्यावे, ही गोष्ट श्रद्धावंतास हृद्य वाटते. भाषेच्या अभ्यासकास ती विचारप्रवर्तक वाटावी. कथा बदलते, मूर्तीवर शेंदराचे थर चढतात, मंदिर पाडून नवे बांधले जाते. परंतु नाव पुष्कळदा टिकते, आणि बदलले तरी काही नियमांनी बदलते. म्हणून स्थलपुराणाचा ऐतिहासिक विचार करावयाचा झाल्यास नामांपासून आरंभ करणे हिताचे होय. प्रस्तुत लेखात तोच प्रयत्न केला आहे.

मूळ कथा गणेशपुराणाच्या उपासनाखंडात येते. पल्ली नावाच्या नगरीत कल्याण नावाचा वाणी व त्याची पत्नी इंदुमती राहत. त्यांचा पुत्र बल्लाळ गावातील मुलांना घेऊन रानात जाई आणि एका पाषाणास गणेश मानून त्याची पूजा करण्यात रमे. मुले घरी वेळेवर येत नाहीत, असे गाऱ्हाणे इतरांच्या वडिलांनी कल्याणाकडे नेले. कल्याणाने रागाच्या भरात मुलांनी उभारलेला मांडव मोडला, पाषाण फेकून दिला, बल्लाळास मारझोड केली व झाडाला बांधून ठेवले. ‘आता तुझा देवच तुला सोडवील’ असे म्हणून तो निघून गेला. पुढे गणेश ब्राह्मणरूपाने प्रकटला, त्याने बालकास मुक्त केले आणि त्याच्या विनंतीवरून तेथेच वास करण्याचे मान्य केले. पुराणात याखेरीज एक भाग आहे, तो उत्सवप्रसंगी सांगितल्या जाणाऱ्या कथेत सहसा येत नाही. देवालय मोडणाऱ्यास, म्हणजे प्रत्यक्ष पित्यास, बल्लाळ शाप देतो व त्या शापाने कल्याणास आंधळेपण, बहिरेपण व मुकेपण येते. लोककथेने शाप गाळला, भक्ती ठेवली. ही निवड कोणा एका ग्रंथकाराची नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या मुलांदेखत कथा सांगणाऱ्या समाजाची ती निवड आहे.

आता ‘पल्ली’ हे नाव घेऊ. पल्ली म्हणजे लहान वस्ती, आणि पाली हे त्याचेच मराठी रूप, असे सामान्यतः समजले जाते. परंतु ध्वनिपरिवर्तनाच्या दृष्टीने येथे थोडे थांबावयास हवे. संस्कृत वा प्राकृत शब्दातील जोडव्यंजन मराठीत एकेरी होते व त्यामागील स्वर दीर्घ होतो, हे खरे. पण त्याबरोबरच अंत्य ‘ई’ लोप पावते. रात्रीची ‘रात’ होते. घरात भिंतीवर फिरणारी, संस्कृतात ‘पल्ली’ म्हटली जाणारी, ती मराठीत ‘पाल’ होते. या न्यायाने गावाचे नाव ‘पल्ली’ असते, तर आज आपण त्यास ‘पाल’ म्हटले असते. खंडोबाचे साताऱ्याकडील पाल हे उदाहरण समोर आहेच. अंती ‘ई’ टिकते ती मूळ रूप ‘इका’ प्रत्ययाचे असेल तर : पल्लिका, पल्लिआ, पाली. म्हणजे गावाचे नाव लोकभाषेत स्वतंत्रपणे सिद्ध झालेले असावे आणि पुराणातील ‘पल्ली’ शी त्याचा संबंध नादसाम्याने मागाहून जोडला गेला असावा, असे मानण्यास जागा आहे. ग्रामनामे ध्वनिनियमांना नेहमीच काटेकोरपणे जुमानत नाहीत, ही मर्यादा ध्यानात घेऊनही हा मुद्दा डावलता येत नाही.

याला दुजोरा देणारी दुसरी गोष्ट अशी की, पुराणकाराने पल्ली नगरी सिंधुदेशात असल्याचे म्हटले आहे. सिंधु हा शब्द नदीचा, देशाचा आणि समुद्राचाही वाचक आहे. तेव्हा सिंधुदेश म्हणजे समुद्रकाठचा देश, अर्थात कोकण, असा अर्थ लावता येतो. शब्दकोशाच्या दृष्टीने त्यात दोष नाही. तथापि स्थलवर्णनात ‘सिंधुदेश’ ही संज्ञा सिंधू नदीच्या प्रदेशासाठी रूढ आहे, आणि समुद्रतीराच्या अर्थाची निकड पालीशी कथा जोडल्यावरच भासते. बहुतेक अभ्यासक गणेशपुराणाची रचना इ. स. ११०० ते १४०० या अवधीत झाली असे मानतात. गावोगावच्या गणेशस्थानांना एका मालिकेत ओवण्याची प्रवृत्ती त्यानंतरच्या काळात, विशेषतः पेशवाईत, बळावली. स्थान आधीचे, कथा फिरती, आणि दोहोंची गाठ मागाहून, असा क्रम संभवतो.

‘बल्लाळ’ या नावाची साक्ष मात्र दक्षिणेकडे नेते. कन्नड ‘बल्’ म्हणजे बळ आणि ‘आळ्’ म्हणजे माणूस, वीर, यांपासून ते आले असे मानले जाते. बाराव्या शतकाच्या आरंभी कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यात बल्लाळ नावाचा राजा होऊन गेला; त्याच शतकाच्या अखेरीस होयसळांचा वीर बल्लाळ राज्य करीत होता. उत्तर कोकणचे शिलाहारही स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’, म्हणजे तेरचे अधिपती, म्हणवून घेत. घाटमाथ्यावरील कन्नड-मराठी संसर्ग कोकणात कसा उतरला, याचे हे एक चिन्ह होय. पुढे मराठीत या नावाचा आणखी एक उपयोग रूढ झाला : बाळाजी या नावाचे भारदस्त रूप म्हणून ‘बल्लाळ’ लिहिले जाऊ लागले. बाळाजी विश्वनाथाचे पुत्र कागदपत्रांत ‘बाजीराव बल्लाळ’ व ‘चिमणाजी बल्लाळ’ म्हणून येतात ते यामुळे. राजाचे विरुद शोभावे असे नाव एका बालभक्ताचे होते आणि पुढे ते घरगुती ‘बाळाजी’ शी एकरूप होते, हा अर्थाचा प्रवास कथेच्या भावाशी सुसंगत आहे. बळाच्या जागी बाल्य आले.

चिमाजीअप्पांचे नाव येथे केवळ व्याकरणासाठी आलेले नाही. १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर पोर्तुगीजांकडून मिळालेली एक मोठी घंटा त्यांनी या देवस्थानास अर्पण केली, अशी परंपरा आहे. मूळचे लाकडी देऊळ जाऊन आजचे दगडी मंदिर उभे राहिले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. चिऱ्यांच्या सांध्यांत शिसे ओतून बांधकाम पक्के केले आहे. पुढे पाली भोर संस्थानच्या अमलाखाली होती व १९४८ मध्ये संस्थानच्या विलीनीकरणाबरोबर ती मुंबई राज्यात आली. तेव्हा ‘प्राचीन मंदिर’ म्हणताना प्राचीन काय आहे, हे स्पष्ट केले पाहिजे. भिंती पेशवाईतील आहेत, कथा मध्ययुगीन आहे, गावाचे नाव प्राकृत घडणीचे आहे, आणि पाषाणपूजा या सर्वांहून जुनी असू शकते.

या पाषाणपूजेचा धागा मंदिराच्या आवारातच सापडतो. बल्लाळेश्वराच्या मागील बाजूस धुंडीविनायकाचे पश्चिमाभिमुख स्थान आहे, आणि प्रथम दर्शन त्याचे घ्यावयाचे असा प्रघात आहे. कल्याणाने फेकून दिलेला पाषाण तो हाच, असे सांगतात. ‘धुंडी’ हे नाव काशीच्या ढुंढिराजाचे. काशीखंडात त्याची व्युत्पत्ती ‘शोधणे’ या अर्थाच्या धातूपासून दिली आहे. मराठी ‘धुंडणे’, ‘धुंडाळणे’ ही क्रियापदे त्याच कुळातील. म्हणजे टाकून दिलेल्या व पुन्हा शोधाव्या लागणाऱ्या दगडास काशीचे नाव लाभले, तरी पूजेचा अग्रमान त्या दगडाकडेच राहिला. नाव बाहेरून आले. क्रम स्थानिक राहिला.

ज्यांना पुराण लाभले नाही अशी दैवते पाहिली म्हणजे हा मुद्दा अधिक उजळतो. कोकणातील बहिरी हा भैरवच. महाप्राणाची जागा बदलून ‘भइरव’ चे ‘बहिरव’ व पुढे ‘बहिरी’ झाले. जाखमातेतील ‘जाख’ हा संस्कृत ‘यक्ष’, प्राकृत ‘जक्ख’. नागोठण्याची जोगेश्वरी ही योगेश्वरी. रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराज. या नावातील ‘वीर’ आपणांस महाराष्ट्रभर पसरलेल्या वीरपूजेपर्यंत नेतो. महाडास तोच शब्द ‘वीरेश्वर’ होऊन शिवमंदिरात गेला; रोह्यास त्यापुढे ‘महाराज’ हे आदरवाचक लागले, पण वीर वीरच राहिला. दसऱ्यानंतर निघणाऱ्या त्याच्या पालखीस पोलिसांकडून सशस्त्र मानवंदना दिली जाते. एरवी राज्यसत्तेचा मान असलेली सलामी येथे ग्रामरक्षक वीरास मिळते, आणि त्यासाठी कोणत्याही पुराणाचा आधार लागत नाही.

उलट बाजूचे उदाहरण कुडे येथील लेण्यांचे. रोह्याच्या दक्षिणेस राजपुरीच्या खाडीलगत असलेल्या या बौद्ध लेण्यांतील प्राकृत लेखांत मांदव कुळातील महाभोज, वैद्य, माळी आणि लोखंडाचा व्यापार करणारा ‘लोहवाणिय’ असे दाते येतात. आपला ‘वाणी’ हा शब्द त्या ‘वाणिय’ चा थेट वंशज आहे. म्हणजे पालीच्या कथेतील कल्याण वाण्याचा व्यवसायबंधू या प्रदेशात सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच दगडावर कोरला गेला होता. तेथे लेख आहे, पण जिवंत कथा नाही. पालीस जिवंत कथा आहे, पण तितका जुना लेख नाही. इतिहासकाराला दोन्ही हवीत. एकाची उणीव दुसऱ्याने परस्पर भरून काढण्याची घाई मात्र त्याने करू नये.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी स्थलपुराणे गोळा करताना तीन गोष्टी निरनिराळ्या नोंदवाव्यात : ग्रंथातील कथा, तोंडी सांगितली जाणारी कथा, आणि स्थानिक उच्चारातील नाव. यांतील तिसरी सर्वांत नाजूक आहे. ‘बहिरी’ चे ‘भैरवनाथ’ आणि ‘जाखमाते’ चे आणखी काही सुसंस्कृत रूप करण्यास एक नवी पाटी पुरते. त्या पाटीने देवाची प्रतिष्ठा वाढते की नाही हे भक्तांनी ठरवावे, पण भाषेच्या इतिहासातील एक दुवा तिने निश्चित पुसला जातो. कथेतील शाप गळाला तरी तो ग्रंथात सापडतो. उच्चार गळाला, तर तो सांगणाऱ्या म्हाताऱ्या माणसाबरोबरच जातो.