प्लग-इन संकरित मोटारगाड्या व वीजपुरवठा
अंतर्ज्वलन-एंजिन व विद्युत् चलित्र या दोहोंवर चालणाऱ्या गाडीस संकरित गाडी म्हणतात. फेर्डिनांट पोर्श यांनी व्हिएन्ना येथे १९०० च्या सुमारास अशी गाडी बनविली. टोयोटा कंपनीने १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीस आणलेल्या प्रिअस गाडीची विद्युत् घटमाला मात्र बाहेरील वीजपुरवठ्यावर भारित करता येत नसे. ही सोय असलेल्या प्लग-इन गाड्या चीनमध्ये २००८ मध्ये व अमेरिकेत २०१० मध्ये बाजारात आल्या.

या गाड्यांचा वीजपुरवठ्यावरील परिणाम त्यांच्या संख्येइतकाच भारणाच्या वेळेवर अवलंबून असतो. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील वीज कंपन्यांनी रात्री पडून राहणाऱ्या जनित्रांना काम मिळावे म्हणून विद्युत् गाड्यांचा पुरस्कार केला होता. पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००७ मध्ये केलेल्या अभ्यासानुसार, अमेरिकेतील तत्कालीन विद्युत् केंद्रांच्या न वापरल्या जाणाऱ्या क्षमतेतून सु. ७३% हलक्या वाहनांना वीज पुरविणे शक्य होते. याउलट सायंकाळी घरी परतताच सर्वांनी गाड्या जोडल्यास कमाल मागणीत भर पडते आणि वस्तीतील लहान रोहित्रांवर ताण येतो. म्हणून काही वीज कंपन्या रात्री कमी दर आकारतात. सौर वीज विपुल असलेल्या कॅलिफोर्नियात आता दुपारची वेळही भारणास सोयीची ठरली आहे.