दूरचित्रवाणी आणि अवधान

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांपाशी अवधानाची मागणी केलेली आहे. ऐकणारा ऐकण्यासाठीच बसला आहे, हे आपल्या कथाकीर्तनाच्या परंपरेने गृहीत धरले. दूरचित्रवाणीचा संच मात्र अनेक घरांत कोणी पाहत असो वा नसो, चालूच असतो. प्रेक्षक उथळ झाला असे म्हणून हा विषय संपवणे सोपे आहे. परंतु या माध्यमाचा आपल्या देशातील इतिहास पाहिला तर कारणे निराळी आढळतात.

१५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा कार्यक्रम आठवड्यातून दोनदाच होत आणि ते सामुदायिक संचांवर पाहिले जात. दैनंदिन सेवा १९६५ साली आली. पुढे १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत जो प्रयोग झाला, त्यातही सारा गाव एका संचापुढे जमे. संच थोडे, वेळ ठरलेली आणि शेजारी माणसांची दाटी; अशा स्थितीत लक्ष आपोआप एकवटते. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ दाखविले जाऊ लागले, तेव्हा रस्ते ओस पडत आणि कित्येक ठिकाणी संचाला हार घातला जाई. त्यात भक्ती होतीच. पण त्या वेळी दुसरी वाहिनी बहुतेकांना उपलब्ध नव्हती आणि चुकलेला भाग सहजी परत मिळत नव्हता, हेही विसरता येत नाही.

१९९१ नंतर उपग्रहवाहिन्या घरोघरी पोहोचू लागल्या आणि दुर्मिळ वस्तू मुबलक झाली. त्याबरोबर कार्यक्रमांची घडणही बदलली. २००० साली सुरू झालेली ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ही मालिका १८०० हून अधिक भाग चालली. या धाटणीच्या मालिकांत घडलेला प्रसंग संवादांतून पुन्हा पुन्हा सांगितला जातो आणि धक्क्याच्या क्षणी संगीत चढते. संचाकडे पाठ करून फोडणी देणाऱ्या गृहिणीलाही कथा कळत राहते. दिवसभरात जिला अर्धा तासही सलग मिळत नाही, तिच्या या अर्ध्या अवधानाला हीन लेखण्याचा अधिकार आयते ताट पुढ्यात येणाऱ्यास नाही. पुराणाला बसलेल्या बायकाही वाती वळीतच ऐकत. हात गुंतले म्हणजे मन गुंतले असे होत नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या मुंबई केंद्राचे कार्यक्रम दिल्लीच्या वा हैदराबादच्या मराठी घरांत दिसत नसत. १९९९ साली अल्फा मराठी ही उपग्रहवाहिनी आली आणि परप्रांतातील स्वयंपाकघरांत मराठी बोल दिवसभर ऐकू येऊ लागले. शाळेत व अंगणात दुसऱ्याच भाषा बोलणाऱ्या मुलांच्या कानांवर पडणारे हे शब्द क्षुल्लक नव्हेत. भाषेचा कान असाच, नकळत तयार होतो.

तथापि कान तयार होणे म्हणजे भाषा येणे नव्हे. शब्दाचा अर्थ विचारावा, उच्चारावरून हसावे, एखादा प्रसंग का आवडला यावर वाद घालावा, यासाठी माणसे एकत्र बसावी लागतात. पूर्वी ती संचांच्या दुर्भिक्षामुळे बसली; आता त्यांना आपण होऊन बसावे लागेल. इतर वेळी संच खुशाल चालू राहावा. पण आठवड्यातून एखादा तास तरी मुलांना जवळ घेऊन तो पाहिला गेला, तर घरात ऐकू येणारी मराठी त्यांच्या तोंडीही येईल.