लिंगोची गोष्ट... आणि तिची?

हिस्लॉप कॉलेजमुळे स्टीफन हिस्लॉप हे नाव नागपूरकरांना ठाऊक असतंच. या मिशनऱ्याने टिपलेलं गोंडांचं लिंगोगीत त्याच्या मृत्यूनंतर, १८६६ साली रिचर्ड टेंपलने छापलं. त्यात गोंडांना सोडवतो तो लिंगो. रिकाड गवाडीच्या सात मुली येतात त्या बायका म्हणून, नाहीतर लिंगोला मोहात पाडायला!

गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडला मात्र गोष्ट आईपासून सुरू होते. गुहेत कोंडलेली मुलं काली कंकालीची, त्यांना माया लावणारी जंगो रायताड. माघ पौर्णिमेच्या यात्रेत आजही त्यांचा मान आहे.

आपल्या वंशावळीत तरी किती आज्यांची नावं आहेत? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आठवतंय तोवर विचारून लिहून ठेवा.