तिच्या वाटणीची घागर

आमच्या घरात पिढीजात सांगितली जाणारी गोष्ट अशी: बहात्तरच्या दुष्काळात जळकोट भागातली माणसं खडी फोडत होती, तेव्हा आजोबांनी आत्याला उदगीरच्या कॉलेजात घातलं. गोष्ट खरी आहे. फक्त ती आजोबांपाशी सुरू होऊन आजोबांपाशीच संपते, हे मला पटत नाही.

आजी सुरुवात निजामापासून करायची. उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यात. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं, पण तिथं शिकायचं ते उर्दूतून. आजीचा थोरला भाऊ उर्दू शिकला. ही पाटीवर मराठी गिरवत होती, तेवढ्यात रझाकारांची धामधूम सुरू झाली आणि पाटी कोनाड्यात गेली ती गेलीच. उदगीरचे भाई श्यामलाल वकील १९३८ साली बीदरच्या तुरुंगात गेले, ही हकीकत तिनं वडिलांच्या तोंडून ऐकलेली. पुढं त्यांच्या नावानं उदगिरात शाळा निघाली, हे ती न चुकता जोडायची. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, तोवर तिचं लग्न ठरलं होतं.

मग कॉलेज एकेक मुक्काम करत आमच्याकडं सरकू लागलं. १९५० साली स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानं नांदेडला पीपल्स कॉलेज, १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ, पाठोपाठ लातूर, उदगीर. आत्या अकरावी मॅट्रिक झाली तेव्हा कॉलेज एसटीच्या टप्प्यात आलेलं होतं. आडवा आला तो दुष्काळ.

रेशनवर लाल मिलो, कामावर सुकडी. घरातली एक हजेरी कमी म्हणजे आठवड्याच्या पगारात खोट. आत्याची हजेरी बुडाली ती आजीनं भरून काढली. बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळून ती खडी फोडायची आणि तिचा ढीग मुकादमानं मापला की इतरांपेक्षा थोडा जास्तच भरायचा. हे ती मोठ्या अभिमानानं सांगे.

काकूबद्दल मात्र कुणीच बोलायचं नाही. काकू त्याच वर्षी लग्न होऊन आलेली, वयानं आत्याएवढीच, शाळा चौथीपर्यंत. विहिरीनं तळ गाठला होता. खाली उतरून वाटीवाटीनं घागर भरायची आणि पायऱ्या चढून वर यायचं. आधी नणंद-भावजय आळीपाळीनं उतरायच्या. आत्या उदगीरला गेली आणि दोन्ही पाळ्या काकूच्या झाल्या.

“तुला राग नाही आला?” मी एकदा विचारलं.

“मला कुणी इचारलंच न्हाई, तर राग कुणावर धरायचा?” काकू म्हणाली आणि तूर निवडत राहिली.

आत्या पुढं शिक्षिका झाली. पहिल्या पगारात तिनं आजोबांना धोतरजोडी आणली, हेही घरात अजून सांगतात. काकूला काय आणलं, असं मी आत्यालाच विचारलं. ती बराच वेळ आठवत राहिली.

यंदा माझी पुतणी लातूरला कॉलेजात निघाली. जळकोट तालुका झाल्यापासून उत्पन्नाच्या दाखल्याला उदगीर गाठावं लागत नाही. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास फुकट होता. व्यावसायिक अभ्यासक्रमांना ठरावीक प्रवर्गांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींना शुल्कमाफी द्यायचा निर्णयही २०२४ साली झाला. चांगलंच आहे. पण शुल्क माफ होतं, म्हशीची धार माफ होत नाही. ती रोज पहाटे पुतणीच काढायची.

घरात सगळे फी, होस्टेल, डब्याबद्दल बोलत होते. डबा सकाळच्या एसटीत कंडक्टरजवळ द्यायचा की तिथंच मेस लावायची, यावर तर दोन तट पडले. काकू ओसरीवर गप्प बसून होती. मग तिनं पुतणीच्या भावाला हाक मारली. तो मोबाइलमध्ये होता.

“काय करलालास रे? उद्यापासून धार तू काढायचीस.”

“आजी, ती मला जवळ येऊ देत नाही.”

“हिला तरी पहिल्या दिवशी कुठं येऊ देत होती?”

त्याची आई मध्ये पडली, मी काढीन म्हणाली. काकूनं तिच्याकडं नुसतं पाहिलं. आई गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी म्हशीनं पहिल्याच लाथेत बादली उडवली. काकूनं आतून दुसरी आणून त्याच्या हातात दिली.