वॉटर्लू आणि पानिपत : दोन वाक्प्रचारांचा इतिहास

१/५
आजवर अजिंक्य ठरलेल्या माणसाचा निर्णायक पराभव झाला, की ‘त्याला त्याचे वॉटर्लू भेटले’ असे इंग्रजीत म्हणतात. खेळाडू असो वा राजकारणी, वाक्प्रचार सर्वांना लागू पडतो. त्याचे मूळ १८ जून १८१५ या दिवसात आहे.

२/५
त्या दिवशी आजच्या बेल्जियममध्ये वेलिंग्टन आणि प्रशियाचा सेनापती ब्ल्यूखर यांनी नेपोलियनला हरवले. रणभूमी वॉटर्लू गावाच्या दक्षिणेस होती; परंतु वेलिंग्टनचा तळ गावात होता व विजयाचा खलिता त्याच गावाच्या नावाने लंडनला गेला. म्हणून लढाईला तेच नाव पडले.

३/५
हा वेलिंग्टन आपल्याला अपरिचित नाही. १८०३ मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली तो हाच.

४/५
मराठीत याच अर्थाने ‘पानिपत होणे’ म्हणतात. मूळ १४ जानेवारी १७६१ चे. अर्थ सारखा, पण पुढचा इतिहास अगदी निराळा. वॉटर्लूनंतर चारच दिवसांत नेपोलियनने पदत्याग केला. १८२१ मध्ये सेंट हेलेना बेटावर, बंदिवासातच तो वारला. मराठ्यांनी मात्र १७७१ मध्ये दिल्ली पुन्हा हस्तगत केली आणि जानेवारी १७७२ मध्ये महादजी शिंद्यांच्या पाठबळावर बादशहा शाह आलम राजधानीत परतला.

५/५
घरोघरच्या शोकाने पानिपताला वाक्प्रचारात कायमचे स्थान दिले. दिल्लीतील पुनरागमनाला तसे स्थान लाभले नाही. म्हणून ‘पानिपत झाले’ असे म्हणताना त्यापुढची अकरा वर्षेही स्मरणात असावीत.